टाचेचा ठिपका

३ फेब्रुवारी, सोमवार

आज नव्या कामावर रुजू झालो. एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा पहिल्या दिवसाचा विद्यार्थी होण्यात गंमत आहे. सकाळी आंघोळ उरकून दहा मिनिटं नाम घेतलं. निघताना हिने माझी कॉलर सरळ केली आणि बजावलं, की तिथे मोठमोठे शास्त्रज्ञ असतील, तिथे तरी ‘आमच्या शाळेत असं असायचं’ हे पुराण लावू नका. बावीस वर्षं गावच्या शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या, जपल्या. पुराण लागायचंच.

राहायला संस्थेच्या मागेच दोन खोल्या मिळाल्या आहेत. भिंती नुकत्याच रंगवलेल्या. हिने आल्याआल्या शिलाई मशीन खिडकीशी ओढून घेतलं आणि इथला उजेड काजं करायला चांगला आहे, असा निकाल दिला.

आमचा विभाग तळमजल्यावर. इथे कंडरांवर संशोधन चालतं. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. टाचेच्या मागे चिमटीत धरली तर हाताला लागते. खाटकाकडून आणलेले कंडरांचे तुकडे काचेच्या टाक्यांत, अंगाइतक्या कोमट मिठाच्या पाण्यात, दोन चिमट्यांमध्ये ताणून ठेवतात. दिसायला पायजम्याच्या ओल्या नाडीसारखे. त्या टाक्यांची निगा हे माझं अर्धं काम.

उरलेलं अर्धं कॉम्प्युटरवर. शेजारच्या लांब खोलीत सहा कॅमेरे आहेत. त्यांच्यासमोरून माणसं अनवाणी चालतात आणि त्यांच्या चालीवरून कॉम्प्युटर ओळखायला शिकतो की कोणाची कंडरा निरोगी, कोणाची झिजलेली. निरोगी असेल तर पडद्यावर हिरवं, नाहीतर लाल. पण त्याला आधी कोणीतरी शिकवावं लागतं. प्रत्येक चित्रावर गुडघा, घोटा, टाच नेमकी जिथे आहे तिथे ठिपका ठेवायचा. ते मी करायचं. म्हणजे ही शाळाच निघाली. हिला सांगितलं तर म्हणाली, विद्यार्थी एकच आणि तोही उलटून न बोलणारा, तुमचं नशीबच उघडलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

विभागप्रमुख मॅडम कडक आहेत, पण समजावून सांगायचा कंटाळा करत नाहीत. टाक्यांत थेंबाथेंबाने सोडतात ते एन्झाइम. पाठ्यपुस्तकात आम्ही त्याला विकर म्हणायचो. तुटलेले दोन धागे ते जोडून देतं आणि स्वतः जसंच्या तसं बाहेर पडतं, पुढचे दोन जोडायला. खर्ची पडत नाही, थकत नाही. मी विचारलं, जोडायला काही उरलंच नाही तर? मॅडम हसल्या. म्हणाल्या, एवढ्यासाठी तर त्याला थांबवणारं औषध वेगळं बनवलंय.

ठिपके दोघांनी ठेवायचे असतात. जे चित्र मला, तेच समोरच्या टेबलावरच्या काकूंना. काकू इथे नऊ वर्षं आहेत. एकमेकांचं बघायचं नाही. दोघांचे ठिपके जितके जवळ पडतील तितकं ते चित्र खरं मानतात. चित्रं गुडघ्याखालचीच असतात, चेहरा नाही. तरीही पाय ओळखीचा वाटला तर लगेच सांगायचं आणि ते चित्र सोडून द्यायचं. कॅमेऱ्यांच्या इंजिनिअरने हे नियम मला दोनदा सांगितले. त्याला सगळे दुर्बीण म्हणतात. चष्म्याशिवाय त्याला स्वतःचा चहाचा कप सापडत नाही आणि यंत्राला बघायला तो शिकवतो. हा विनोद त्यानेच मला सांगितला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक चमत्कारिक गोष्ट दिसली. बेसिनखालच्या कपाटात जुनी बरणी होती. वर चिकटवलेल्या कागदावर काकूंच्या अक्षरात ‘तुकडे ११, औषध घालून थांबवलेले’. आत एकच तुकडा होता. बरणीच्या आकाराचा, मुठीएवढा, पांढरा. गाठ नाही, सांधा नाही. बाहेर काढू गेलो तर निघेना. काचेला धरून बसला होता.

मॅडमना दाखवलं. त्यांनी ती उजेडात धरून फिरवून बघितली. मग म्हणाल्या, तारीख नाही, कोणी काय घातलं याची नोंद नाही, असल्या बरणीवरून काही सिद्ध होत नाही, फेकून द्या. शास्त्राच्या दृष्टीने बरोबरच आहे. मी बरणीसकट फेकली.

पुढच्या महिन्यात माणसांवर चाचणी आहे. पस्तीस जण घेणार. हिला सांगितलं. हिची डावी टाच पाच वर्षं दुखते आहे. आयुष्यभर मशीनचं पायडल मारलं, त्याचं फळ. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की कंडरा कधीही तुटेल. दोन पायऱ्या चढली की कठडा धरून उभी राहते आणि वर, मी देखावा बघतेय म्हणते. चाचणीचं ऐकून म्हणाली, तुमच्या मॅडमना म्हणावं सुई माझ्याकडे आहे, दोरा तेवढा चांगला आणा. पण नाव नोंदवायला स्वतःच गेली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

हे लिहू की नको, असं दोनदा झालं.

आज टेबलावर एकाच पायाची दोनशे चाळीस चित्रं आली. तिसऱ्या चित्रातच ओळखलं. घोट्यावर शिलाईच्या सुईचा जुना व्रण. लग्नाच्या दुसऱ्या वर्षीचा. रक्त मीच पुसलं होतं.

टाचेचा ठिपका खऱ्या जागी ठेवला की निकाल लाल येत होता. फार झिजलेल्यांना चाचणीत घेत नाहीत. दोर इतका विरलेला असला की इंजेक्शनचाही धोका, असं मॅडमचं म्हणणं. मी ठिपका गव्हाच्या दाण्याएवढा वर सरकवला. हिरवा झाला. मग दोनशे चाळीसही सरकवले.

काकूंनी मान वर केली. त्यांच्याकडे फरक दिसत होता म्हणे. नियम मोडून त्या उठून माझ्या टेबलाशी आल्या. मी खरं ते सांगितलं. त्या हळूच हसल्या, म्हणाल्या, बायकोचा पाय नवऱ्याला कळणार नाही तर कोणाला, आणि जाऊन त्यांचे ठिपके माझ्या ठिपक्यांवर आणून ठेवले.

देवासमोर बसलो. नाम घेता आलं, पण आत गेलं नाही.

४ मार्च, मंगळवार

ही चाचणीत घेतली गेली. उद्या इंजेक्शन.

दुर्बीण आज खुशीत आला. एका संचात दोघांचे ठिपके तंतोतंत जुळले आहेत, दोनशे चाळीसपैकी दोनशे चाळीस. असं कधीच होत नाही. तोच संच त्याने यंत्राला नमुना म्हणून दिला आहे. आता निरोगी टाच कशी असते ते यंत्र त्याच्यावरून शिकणार. त्याने माझी पाठ थोपटली.

खरं सांगितलं असतं तर उद्याचं इंजेक्शन गेलं असतं.

काकूंना पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या विभागात पाठवणार आहेत. इतकं छान शिकल्यावर दुसरा ठिपका यंत्रच ठेवेल.

११ मार्च, मंगळवार

ही आज तीन मजले न थांबता चढली. वरून हाक मारून म्हणाली, अहो, देखावा इथून खरंच चांगला आहे. मी जिन्यात खाली उभा राहून रडलो. मग वाटलं, झालेलं पाप कदाचित देवाने कामी लावलं असेल. माणूस असा स्वतःची समजूत घालतो. संध्याकाळी तेल लावून तिची टाच चोळली. कंडरा कशी ताठ, गुळगुळीत. नवी.

१७ मार्च, सोमवार

हिची डावी टाच जमिनीला टेकत नाही.

दुखत नाही म्हणते. पोटरी आखडली आहे, चवड्यावर चालावं लागतं. कॅमेऱ्यासमोर चालवून घेतलं. हिरवं. मॅडम पडदा बघून म्हणाल्या, उत्तम आहे, सुरुवातीचा ताठपणा. मी म्हटलं, मॅडम, एकदा पायाकडे बघा. त्या म्हणाल्या, पायाकडेच तर बघतेय, आणि त्यांची नजर पडद्यावर होती.

२१ मार्च, शुक्रवार

पायाची बोटं जुळली आहेत. बोटांमधली फट राहिली नाही. सकाळी पायमोजा घालताना हिनेच दाखवलं. म्हणाली, नखं कापायचं काम वाचलं. मग पायमोज्याची घडी घालून ठेवून दिली.

उजव्या पायाला इंजेक्शन दिलंच नव्हतं. त्याचीही टाच वर आली आहे.

कॅमेऱ्यासमोरच्या रांगेत चाचणीतली बाकीची माणसं बघितली. चौतीस जण. सगळे चवड्यांवर. सगळे हिरवे.

२४ मार्च, सोमवार

सगळं कबूल केलं. मॅडम आणि दुर्बीण दोघांसमोर. व्रण, दोनशे चाळीस ठिपके, काकू. म्हटलं, मला काढा, पोलिसांत द्या, पण ते थांबवणारं औषध आज द्या.

दुर्बिणीने तीच चित्रं पुन्हा माझ्यापुढे ठेवली. खऱ्या जागी ठिपके ठेव म्हणाला. ठेवले, देवाला स्मरून ठेवले. त्याने ते यंत्राच्या ठिपक्यांशी ताडून बघितले. सगळे गव्हाच्या दाण्याएवढे खाली. तो हळू आवाजात मॅडमना म्हणाला, यांचा हात बिघडलाय, पूर्वी किती अचूक होते.

काकूंना बोलवा म्हटलं. काकूंनी चित्रं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की त्यांना काहीच आठवत नाही. त्यांची नोकरी आहे. त्यांना तरी काय म्हणू.

लाल आल्याशिवाय औषध देता येत नाही. तो नियम आहे. मला उद्यापासून रजा.

२६ मार्च

औषध मी घेऊन आलो. कपाटाची किल्ली अजून माझ्याकडेच होती. हिच्या दोन्ही पोटऱ्यांत टोचलं.

ती बरणी. ‘थांबवलेले’ असंच लिहिलं होतं तिच्यावर.

२८ मार्च

गुडघे गेले. हॉस्पिटलात नेलं. सर्जनने पोटरीवर चिरा दिला. पातं पुढे सरकत होतं आणि मागे चिरा मिटत होता. रक्तही आलं नाही. त्यांनी पातं टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेले ते परत आलेच नाहीत. नर्सने सांगितलं, घरी न्या.

ही टॅक्सीत म्हणाली, सर्जनसुद्धा पळाला, शिंपिणीशी गाठ आहे. दात उघडत नव्हते, ओठांतून म्हणाली.

३० मार्च

बसत नाही. वाकत नाही. भिंतीला टेकवून उभी केली आहे. हात दंडापासून अंगाला —

वाटीने पातळ पेज देतो. अर्धी गळते.

माझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं जुळली आहेत. तेल चोळत होतो ना. तिला दाखवलं नाही. पण तिने बघितलं. डोळ्यांनी दाराकडे खूण केली. जा म्हणते.

कुठे जाऊ.

१ एप्रिल

श्वास मोजतो. मिनिटाला सात. फासळ्या हलत नाहीत, नुसतं पोट.

प्रार्थना काय करावी तेच कळेना. बरी कर म्हणू? लवकर ने म्हणू? दोन्ही म्हणून झालं. मग नुसतं नाव घेत राहिलो. तिचं.

बोलणं बंद. डोळे सगळं बोलतात. रागावलेली नाही. रागावली असती तर —

२ एप्रिल

तिच्या उजव्या हाताचा पंजा तेवढा अजून मोकळा होता. सकाळी त्याने माझा हात धरला. मी सोडवला नाही. आता सुटणारही नाही, दुपारीच बघितलं. कातडी कुठे माझी संपते, कुठे तिची —

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर लागणार नाही. जो वाचेल त्याने एवढंच करावं, माणसाच्या पायाकडे —

दार वाजलं. मॅडम आहेत, दुर्बीण आहे. चाचणीचा चौथा आठवडा, घरी येऊन मोजायचं म्हणे. तिपाईवर कॅमेरा लावतायत. आमच्याकडे कोणी बघत नाही. मी ओरडलो. जबडा नीट —

पडदा आमच्याकडे वळवलाय. मॅडम हसतायत. छान, म्हणतायत, छान चालताय दोघं.

आम्ही भिंतीशी उभे आहोत. पडद्यावर ठिपके निघालेत. तिचे पुढे, माझे मागे. गुडघा वाकतोय. टाच टेकते. पुन्हा टेकते. ती इतकी हलकी —

हिरवं आहे सगळं. ती मागे वळून माझ्यासाठी थांब