गाण्यामागचं घर

ताई,

तुझ्या लेकीने आपली जुनी कॅसेट धाडली आहे. "मामा, आईचं आवडतं गाणं आहे, पण मागचा गोंगाट तेवढा काढून टाक," म्हणाली. माझा धंदाच तो. लोकांची जुनी गाणी धुऊन धुऊनच तर बंगला बांधला.

रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आपण सिनेमाची गाणी उतरवायचो. "कुणी शिंकायचं नाही," असा तुझा हुकूम, आणि मग तूच गायला लागायचीस. या कॅसेटवरही तेच. व्हायोलिनं ओसरतात, तू सुरू होतेस, आणि स्वयंपाकघरातून आई ओरडते, "पुरे गं तुझं रडगाणं."

तेवढंच तुझ्या मनात राहिलं. "आईला माझं गाणं कधी सोसलंच नाही," असं तू अजून म्हणतेस.

मी डोळे मिटून ऐकत होतो, त्या खोलीतच जाऊन बसलो होतो म्हण. शेवटच्या कडव्याला भांडी वाजायची थांबतात. तुझ्या आवाजाखाली दुसरा आवाज येतो, दबका, जरासा बेसूर. आई गाते आहे. गायिका जिथे ओळ सोडते, तिथे तू आपल्या मनाचा एक हेलकावा जास्तीचा घ्यायचीस. आईही तो घेते, अगदी तुझ्यासारखा. गाणं ती रेडिओवरून शिकलीच नव्हती, ताई.

हे पत्र टाकणार नाही. म्हणशील, "आला दुकानदार, आईची बाजू खपवायला." गोंगाटासकट कॅसेट तेवढी परत पाठवतो. कान तुलाही तिनेच दिलेत.

तुझा,
धाकटा