फुंक तुटली नाही

वेरावळ बंदर, ११ डिसेंबर २०१७

बाबा,

चैत्याचा रामराम. धाकली हे वाचून दाखवेल. बोटीवर मी बरा आहे, पोटभर जेवतो.

लहानपणी तारपा वाजवताना माझा सूर मध्येच तुटायचा. तू म्हणायचास, "गालात वारा धर, श्वास नाकाने घे." बारा वर्षं जमलं नाही. इथे चूल माझ्याकडे आहे. काल ओली लाकडं पेटवताना फुंकणीतली फुंक चालूच राहिली आणि श्वास नाकाने आत आला. भात करपला, बोट चालवणारा तांडेल ओरडला, तरी मी फुंकतच होतो.

तुला आता धाप लागते, असं धाकली फोनवर बोलली. दवाखान्यात गेलास का? तारपा चुलीवर धुरात टांगून ठेव, नाहीतर कीड लागेल.

मला फुंक आली, बोटं अजून यायची आहेत. ती शिकवायला तू थांब.

तुझाच,
चैत्या