शूटिंगसाठी खोली रिकामी हवी

३ डिसेंबर
मुदतवाढ मिळाली. वर्गातल्या सगळ्यांनी पदवीच्या शॉर्ट फिल्म जमा केल्या, माझी एकट्याची बाकी. अर्थ सरळ आहे. त्यांनी उरकल्या, मी विचार करतोय. विषय: विस्थापन. उद्यापासून रिसर्च.

बेहारानो सर म्हणाले, तेरा जानेवारीच्या पुढे एक दिवस मिळणार नाही. वर म्हणाले, विषयासाठी बोगोताभर हिंडू नकोस, आधी स्वतःच्या घरात बघ. सर आता थकलेत. घरात मी आणि आई. मागच्या खोलीत भाडेकरीण. विस्थापित कुठून आणू?

४ डिसेंबर, दुपार
उशिरा उठलो. काल रात्री विषय डोक्यात घोळत होता, म्हणजे रिसर्च झालाच.

५ डिसेंबर
बस टर्मिनलवर गेलो. सगळ्यांकडे बोचकी होती, पण विस्थापित चेहरा एकाचाही नाही. एक बाई पोत्यांवर बसली होती, मांडीत दोन कोंबड्या. मी कॅमेरा लावून विचारलं, तुम्ही आयुष्यात काय गमावलंत. ती म्हणाली, अजून काही नाही, पण तू समोरून हलला नाहीस तर बस गमावेन. मग रक्षकाने मला दंडाला धरून गेटबाहेर काढलं. दहा मिनिटं फुटपाथवर उभा होतो. विस्थापन आतून कळलं. आता तिथे परत जायची गरज नाही.

९ डिसेंबर
आई गरम चॉकलेटचा कप घेऊन खोलीत आली आणि म्हणाली, यूस्मारीला का नाही विचारत? यूस्मारी म्हणजे ती मागच्या खोलीतली. व्हेनेझुएलाची. तीन वर्षं आमच्याकडे राहते, कोपऱ्यावर एम्पानादा तळते. आईला सिनेमातलं काही कळत नाही, तरी मन मोडायला नको म्हणून हो म्हटलं.

१० डिसेंबर
मुलाखत फसली. दोष तिचा.

मी विचारलं, सीमेवरचा पूल ओलांडताना मनात काय होतं? म्हणाली, मिक्सर. घरातलं सगळं सोडलं, पण मिक्सर सोडवेना, म्हणून तो पोटाशी बांधून, वर झगा घालून आली. पुलावरच्या शिपायाला वाटलं बाई गरोदर आहे, त्याने रांगेत पुढे घेतलं आणि मुलगा होईल म्हणून सांगितलं. हे सांगताना ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी कॅमेरा बंद केला. पाणी होतं, पण चुकीचं.

मी म्हटलं, यूस्मारी, जरा गंभीरपणे आठव. ती म्हणाली, "राजा, गंभीरपणे आठवलं तर उद्या तळायला कोण उठेल?" अशी माणसं विषयाला न्याय देत नाहीत. विस्थापनात मिक्सर बसत नाही.

१४ डिसेंबर
मोठा निर्णय. विस्थापित बाई अभिनेत्रीच करेल. मार्सेला तयार आहे. तिची गालाची हाडं फार बोलकी आहेत. प्रश्न लोकेशनचा होता, तोही सुटला. विस्थापित बाईची खोली हवी, आणि मागची खोली हुबेहूब तशीच आहे. सर म्हणाले होते, घरात बघ. बघितलं.

फक्त खोली रिकामी हवी.

१५ डिसेंबर
आईशी वाद. आई म्हणते, सणासुदीला बाईला कुठे काढायची? मी समजावलं, दोनच आठवडे. आई म्हणाली, मग तेवढे दिवस तिला जेवणाच्या खोलीत झोपू दे. तिथे माझे लाइट ठेवायचेत. आई म्हणाली, आपणच तिला घालवायचं आणि तुझा सिनेमा कशावर? मी म्हटलं, ठीक आहे, पदवी सोडतो. आईने वाद सोडला. गेली पाच वर्षं हा उपाय लागू पडतोय.

१७ डिसेंबर
यूस्मारीला मीच सांगितलं. कलाकाराने जबाबदारी टाळू नये. एकतीस तारखेपर्यंत खोली रिकामी, दोन तारखेला शूटिंग.

तिला सिनेमाबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. तिचे वडील निघालेत म्हणे. तेओदोरो नाव. तिकडे आता त्यांचं कुणी उरलेलं नाही, म्हणून कायमचे हिच्याकडे येतायत. वाटेत सीमेवरच्या कुकुता गावात पुतण्याकडे थांबून, मिळेल त्या गाडीने. कुठल्या दिवशी, ते त्यांनाही माहीत नाही. जवळ फोन नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हा एवढा एक पत्ता तिने त्यांच्याकडून पाठ करून घेतलाय.

म्हणाली, "राजा, ते येईपर्यंत मला हलवू नकोस. ते आले की आम्ही दोघं जिकडे म्हणशील तिकडे जाऊ."

मी म्हटलं, बघतो. खोलीत येऊन लगेच लिहून घेतलं: म्हातारा बाप, मोतीबिंदू, पाठ केलेला पत्ता. मार्सेलाच्या पात्राला हे फार शोभेल. रिसर्चला फळ येतंय.

२४ डिसेंबर
यूस्मारीने आयाका करून दिल्या. तिकडची नाताळची पद्धत, मक्याच्या पिठाच्या, केळीच्या पानात बांधून उकडलेल्या. ही उघड लाच आहे, हे चौथी खाताना लक्षात आलं. निर्णय बदललेला नाही.

तिने जागा शोधायला सुरुवात केलीय. व्हेनेझुएलाची म्हटलं की लोक दार लावतात, असं आई सांगत होती. संवाद चांगला आहे. वापरणार.

२९ डिसेंबर
खोलीची पाहणी केली. अडचण आहे. तिने भिंती पिवळ्या रंगवल्यात, खिडकीत तुळस लावलीय, पलंगावर विणलेली चादर. दुसरा पलंगही आणून ठेवलाय, वडिलांसाठी. पाहताच प्रसन्न वाटतं. अशा खोलीत विस्थापनावर कोण विश्वास ठेवेल? ती गेली की भिंती खरवडाव्या लागणार. गरिबी कमी पडतेय.

१ जानेवारी, दुपार
नव्या वर्षाचे संकल्प: सकाळी सहाला उठणे. मोबाइल कमी. लोकांकडे खोलवर पाहणे.

काल रात्री गल्लीतले सगळे नेहमीसारखे बाराच्या ठोक्याला द्राक्षं खाऊन रिकाम्या सुटकेसी घेऊन धावले. गल्लीला फेरी मारली की वर्षभर प्रवास घडतो. मीही कॅमेरा घेऊन दारात उभा होतो. सुटकेसी आणि विस्थापन, प्रतीक म्हणून वाईट नाही. सगळे खिदळत होते. आमची आई तर माझ्या शाळेची बॅग घेऊन धावली.

तेवढ्यात यूस्मारी दोन सुटकेसी घेऊन बाहेर आली, पाठीवर एक बोचकं. शेवटच्या मिनिटापर्यंत वडिलांची वाट बघत बसली होती म्हणे. गल्ली टाळ्या वाजवायला लागली. दोन सुटकेसी म्हणजे दुप्पट प्रवास, कुणीतरी ओरडलं, आम्हालाही घेऊन जा. ती हसली. आईच्या कानात काहीतरी बोलली आणि डावीकडे, मोठ्या रस्त्याकडे चालायला लागली. सगळ्यांनी हात हलवले, मीही.

बाकीचे फेरी पुरी करून परत आले. ती आलीच नाही. त्यांच्याकडे ही पद्धत नसावी, कुठे वळायचं ते कळलं नसेल.

आई रात्रभर रडली. ती गेली कारण आज एक तारीख आहे आणि मी एकतीस सांगितली होती, इतकं साधं आहे. कानात काय बोलली, तर जागा मिळाली की घरच्या फोनवर कळवते, तोवर बाबा आले तर बसवून ठेवा, कुठे जाऊ देऊ नका.

२ जानेवारी
नऊला उठलो. भिंती खरवडल्या. तुळस मारायला दोन दिवस लागतील, पाणी बंद केलंय.

३ जानेवारी
शूटिंग. मार्सेला म्हणते खोलीला तळणीचा वास येतो, तिला मळमळतं. मी म्हटलं, वापर ते. तिने हीटर मागितला. विस्थापित बाई हीटरसमोर बसून रडते असा शॉट घेतला, हीटर फ्रेमबाहेर. रडणं अप्रतिम. नेमकं त्याच वेळी जेवणाच्या खोलीतला फोन वाजला. तीनदा टेक घेतला, तिन्ही वेळा फोन. शेवटी फोनची वायर काढून टाकली. आवाजाची शिस्त ज्याने पाळली नाही त्याने सिनेमा करू नये.

५ जानेवारी
मार्सेला गेली. शांपूची जाहिरात मिळाली. गालाच्या हाडांचा मोह चुकीचा होता, हे मला पहिल्यापासून वाटत होतं.

आई सारखी म्हणते, यूस्मारीचा फोन कसा नाही आला. मी म्हटलं, माणसं विसरतात, आपण जीव लावतो. आई रोज दार अर्धं उघडं ठेवून बसते. गार वारा येतो. तिला सांगून पाहिलं.

८ जानेवारी
नवी दिशा. फिल्ममध्ये माणूसच नको. रिकामी खोली, मेलेली तुळस, शांतता. सरांना मोबाइलवरून सांगितलं. सर म्हणाले, तू एका खोलीचं शूटिंग केलंयस. मी म्हटलं, तेच तर. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. भारावले असावेत.

१० जानेवारी, सकाळ
आजचा दिवस लिहून ठेवला पाहिजे.

आई बाजारात गेली होती. दार वाजलं. उघडतो तर एक म्हातारा. टोपी, धुळीने भरलेला कोट, हातात दोरीने बांधलेली पिशवी. डोळे दुधाळ. आणि चेहरा. असा चेहरा मार्सेला सात जन्मात आणू शकली नसती. मी कॅमेरा घेऊन आलो आणि मग म्हटलं, कोण हवंय?

तेओदोरो. त्यांनी अख्खा पत्ता म्हणून दाखवला, शाळेतल्या मुलासारखा, दाराच्या रंगासकट. मग विचारलं, यूस्मारी घरात आहे का?

मी सांगितलं, तिने जागा बदलली. त्यांनी टोपी काढली. म्हणाले, "मग मी इथे पायरीवर बसतो. ती येईल. घरमालकिणीचा मुलगा आमच्यासारख्यांवर सिनेमा करतोय, ते तिने मी निघायच्या आधीच सांगितलं होतं. भला पोरगा आहे म्हणाली. तूच ना तो?"

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर भरून आलं. पण पायरीवर बसलेल्या माणसात गती नसते. विस्थापन म्हणजे चालणं. हे मला त्या क्षणी कळलं आणि सगळा सिनेमा डोळ्यांसमोर उभा राहिला. म्हातारा दारातून निघतो, रिकाम्या गल्लीतून दूर जातो. शेवट. मी म्हटलं, बसू नका, ती जवळच आहे, चालत जा, भेटेल.

त्यांनी विचारलं, कुठल्या बाजूला?

ती डावीकडे गेली होती. पण डावीकडे सकाळचा सूर्य थेट लेन्समध्ये येतो, सगळा शॉट पांढरा पडतो. उजवीकडचा उजेड लोण्यासारखा होता. मी उजवीकडे बोट दाखवलं. त्यांना ते दिसलं नाही. म्हणून खांद्याला धरून वळवलं.

त्यांनी आभार मानले. चालत गेले. एकदाही मागे पाहिलं नाही. एकच टेक. इतका सुंदर शॉट आमच्या वर्गात कुणी घेतलेला नाही.

१० जानेवारी, संध्याकाळ
आई बाजारातून आली. माझे लाइट सरकवताना तिला फोनची निघालेली वायर दिसली. तिने ती लावली. भाजी निवडून होईपर्यंत फोन वाजला. यूस्मारी. एक तारखेपासून रोज करत होती. मोठ्या रस्त्यापलीकडे ननबाईंच्या आश्रयगृहात आहे, डावीकडे सहा गल्ल्या. तिथे वडिलांसाठीही खाट मिळालीय. बाबा आले का, विचारत होती. आई आनंदाने माझ्याकडे वळून म्हणाली, अजून नाही ना आले? मी म्हटलं, आले होते.

यूस्मारी धावत आली, चपला हातात. आईने तिला जवळ घेतलं. तिने मला विचारलं, "कुठल्या बाजूला गेले?"

मी उजवीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, मी तर डावीकडे गेले होते, तू दारातच होतास. मी उजेडाचं समजावायला लागलो. तिने अर्धंच ऐकलं. म्हणाली, सरळ गेले का? मी खरं तेच सांगितलं: फ्रेमच्या कडेपर्यंत सरळ गेले. पुढचं माझ्याकडे नाही.

दोघी निघून गेल्या. जेवायला काही केलेलं नाही. अशा वेळी माणसं कलाकाराला दोष देतात, हे मी धरून चाललो आहे.

१३ जानेवारी
सकाळी सरांना फोन करून आणखी मुदत मागितली. कारण विचारलं. मुख्य पात्र सापडत नाही म्हटलं. सरांनी फोन ठेवला.

पोलिसांना फोटो हवाय. यूस्मारीकडे वडिलांचा एकही नाही. आई माझ्या दारात उभी राहून म्हणाली, तुझ्या सिनेमात आहेत ना ते, दाखव. तीन दिवसांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी कॉम्प्युटर लावला, पडदे ओढले, दोघींना खुर्च्या दिल्या. मनात म्हटलं, आता कळेल त्यांना.

चेहरा कुठेच नाही. दारातलं बोलणं मी शूट केलंच नव्हतं, बॅटरी शेवटासाठी राखून ठेवली होती. शॉटमध्ये पहिल्यापासून पाठ आहे. कोट, टोपी, दोरीची पिशवी, दूर जाणारी पाठ. मला वाटलं यूस्मारी ओरडेल. ती पडद्याला चिकटून बसली आणि म्हणाली, "बाबाच. चाल बघा ना, उजवा पाय कसा टाकतात. परत लाव."

मी अकरा वेळा लावला. त्यातलीच एक फ्रेम छापून आईने खांबांवर चिकटवलीय, आमच्या सान्ता इसाबेल वस्तीभर. संध्याकाळी जाऊन पाहिली. उजेड छान आलाय. फोटोत चाल दिसत नाही.