बाकीच्यांचे हात भाजतील

प्रिय उमामामा,

फोनवर सांगितलं तर तुम्ही तसंच कळंबला येऊन शाळेत भांडाल, म्हणून लिहितेय. हे पत्र धाडणार मात्र न्हाय.

काल आमच्या नववीची सहल हुरडा खायला ईट गावाला एका शेतावर गेली होती. उतरल्या उतरल्या बाई मला म्हणाल्या, "शिवांजली, तुझी आई शेतात मजुरीला जाते ना? तुला सवय असेल. आगटीपाशी बस अन् सगळ्यांना कणसं चोळून दे. बाकीच्यांचे हात भाजतील."

खोटं कशाला बोलू मामा, आधी मला लई भारी वाटलं. वर्गात कुणालाच येत न्हाय ते मला येतं! मी चोळत राहिले. पोरी चटणी-गूळ घेऊन सावलीत बसल्या अन् ताटली रिकामी झाली की येत राहिल्या. तू खाल्लंस का, असं कुणीच विचारलं न्हाय.

मग भैरवी आली. डॉक्टरांची भैरवी, पाचवीपासून माझ्याच बाकावर बसते, माझ्या डब्यातली भाकरी खाते. मागं वळून पोरींशी बोलता बोलताच तिनं ताटली पुढं केली अन् म्हणाली, "मावशी, गरम द्या हं."

चेष्टा नव्हती ती. चेष्टा असती तर मीपण हसले असते. दोघींच्या अंगावर सारखाच गणवेश होता, मामा!

पण अंगावर काटा येतो तो त्याच्या पुढच्या गोष्टीनं. मी ओंजळभर हुरडा तिच्या ताटलीत टाकला, अन् माझ्या तोंडून आपसूक निघालं, "घ्या ताई."

तुमची भाची,
शिवांजली