नाकापेक्षा जड मोत्यांची वाटणी

रविवार, १४ मार्च

वही, माफ कर. अडीच वर्षांत तुझ्यात एक ओळ लिहिली नाही. शेवटची नोंद आहे, "चौतीसची जोडी बसवली, जेट १६०." पुढे कोरी पानं. मृत्युपत्र तुझ्यातच लिहिते आहे, कारण वाटायच्या निम्म्या वस्तूंची मापं तुझ्याकडे आहेत.

शुक्रवारी माझं पित्ताशय काढणार आहेत. सर्जन म्हणाले, "चाळीस मिनिटांचं काम. मृत्युपत्र कसलं करताय, बाई?" पण मोजमापाची उपकरणं तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. शक्यता अगदी बारीक असली तरी तिला शून्य म्हणायला माझा हात धजत नाही.

तर मी, वय सेहेचाळीस, पित्ताशय सोडून ठणठणीत, जे लिहिते ते समजून-उमजून लिहिते. कोणी पढवलेलं नाही, कोणी धाक घातलेला नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम एक. राहतं घर सामानासकट नवऱ्याला. जेवणाच्या टेबलावरचा काळा डाग "मुळातच होता" असं मी लग्नापासून सांगत आले आहे. मुळात नव्हता. तिथे मी गरम सायलेन्सर ठेवला होता.

कलम दोन. बँकेतल्या ठेवी आणि पुस्तकं त्यालाच. पुस्तकं वाचावीत अशी अट घालणार होते, पण बघायला मी नसणार.

कलम तीन. शेडमधले पाने, पकडी, गेज आणि वस्तू घट्ट पकडून धरायचा मोठा व्हाइस दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला. खरे हक्कदार गॅरेजवाले मास्तर. पण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराने काही घेऊ नये. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे सही केली की पान्यांवर पाणी सोडायचं?" सोडलं बिचाऱ्यांनी.

कलम चार. टू-स्ट्रोक क्वाड. चार जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल, दोन सिलिंडर, आणि दर सिलिंडरला हवा-पेट्रोल मिसळणारा स्वतंत्र कार्बोरेटर. गाडी दादाची आणि माझी निम्मी-निम्मी. माझा निम्मा हिस्सा दादाला. सोबत कार्बोरेटरच्या दोन्ही जोड्या, अठ्ठावीसची आणि चौतीसची. दोन का, ते लिहायला हवं.

कंपनीचे कार्बोरेटर झिजले तेव्हा नवे बाहेरून घ्यायचे ठरले. मी म्हणत होते अठ्ठावीस मिलिमीटर. तोंड लहान, हवा वेगाने ओढली जाते, गाडी खालूनच चटकन उचलते. दादाला चौतीस हवे होते, चढावर पूर्ण थ्रॉटल दिला की दम राहावा म्हणून. तीन रविवार आम्ही भांडलो. मास्तर कंटाळून म्हणाले, "अंथरूण पाहून पाय पसरा आणि इंजिन पाहून कार्बेटर घ्या. बाकी भाऊबहिणीच्या भांडणात मी पडत नाही." शेवटी मी माझी जोडी घेतली, दादाने त्याची.

"आधी मोठे लावून बघू," दादा म्हणाला. "जेट तू काढ. आकड्यांचं खातं तुझं."

जेट म्हणजे पितळेचा बारीक तुकडा. त्याच्या भोकातून पेट्रोल जातं. भोक लहान पडलं तर हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि इंजिन तापून पिस्टन अडकतो. मी १६० नंबरचे दोन बसवले. गावाबाहेरच्या रेताड टेकडीवर दर रविवारी गाड्या पळवणारे जमतात. तिथे अर्ध्या चढात डावा पिस्टन अडकला, मागची चाकं जागीच थांबली आणि दादा झुडपात जाऊन पडला. मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. मी धावत गेले. लागलं का, हे विचारायच्या आधी सगळ्यांसमोर म्हणाले, "सांगितलं होतं! नाकापेक्षा मोती जड!"

लोक हसले. दादाही हसला. त्या दिवसापासून सगळे त्याला मोती म्हणू लागले. दोनेक महिने त्याने ऐकून घेतलं, मग रविवारी यायचा बंद झाला. फोनवर हवापाण्याचं बोलतो. गाडीचा विषय निघाला की म्हणतो, "आता नाही गं मला समजत त्यातलं." ज्याला नुसत्या आवाजावरून इंजिनचं दुखणं कळतं, तो असं म्हणतो.

पाच आठवड्यांपूर्वी, याच मृत्युपत्रासाठी यादी करताना मी ते जेट मोजले. दोन्हींवर १६०. पण पाकिटात एकच होता म्हणून दुसरा मी जुन्या डब्यातून घेतला होता, वेगळ्या कंपनीचा. एक कंपनी भोकाचा व्यास छापते, दुसरी पेट्रोल किती वाहतं ते. आटे तेच, आकडा तोच, भोक बारीक. बारीक भोकाचा जेट डावीकडे होता.

लोकांची मापं तपासून पोट भरणारी मी, छापील आकड्यावर विश्वास ठेवून मोकळी झाले. चौतीस बरोबरच होते असं यावरून सिद्ध होत नाही. ते चुकीचे होते याचा पुरावा मात्र उरत नाही. वाक्य शास्त्रोक्त झालं, पण त्यात मी कुठेच नाही. सरळ लिहिते: चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि चोर मी. दादा, तुझं काही चुकलं नव्हतं.

आज संध्याकाळी मास्तर आणि शेजारचे दंतवैद्य सह्या करायला आले. साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नसते, तरी मी मोठ्याने वाचून दाखवला. कलम चार संपल्यावर मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

"ताई, हे दादांना कधी कळायचं?"

"माझ्या पश्चात."

"आणि शुक्रवारी तुम्ही बऱ्या झालात तर?"

मी वही त्यांच्यापुढे सरकवली.

"म्हणजे त्यांचं नाव साफ व्हायला तुम्ही मरायला पाहिजे! मग त्यांनी देवाजवळ मागायचं तरी काय?"

दंतवैद्य म्हणाले, "मी रोज बघतो हो. दुखतंय हे ठाऊक असतं, पण उद्या येतो म्हणतात. मृत्युपत्रात दात काढणारी पेशंट मात्र पहिलीच."

हसून माझं पित्ताशय दुखलं. पाच आठवडे मी याला नीटनेटकेपणा समजत होते. ती भीती होती. मेल्यावर मागितलेल्या माफीला कोणी उलट बोलत नाही, एवढाच तिचा फायदा.

"जेट म्हणजे..." पासून "काही चुकलं नव्हतं" पर्यंतचा मजकूर मी एका रेघेने खोडला आहे, वाचता येईल असा. खाडाखोडीवर आम्हा तिघांच्या लहान सह्या आहेत. मालमत्तेची वाटणी जशीच्या तशी कायम.

हे सगळं मी दोघांसमोर वाचून सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर केली.

लिहून देणार: मी (सही)
साक्षीदार १: गॅरेजवाले मास्तर (सही, अंगठ्याच्या ग्रीससह)
साक्षीदार २: शेजारचे दंतवैद्य (सही, वाचता येत नाही)
स्थळ: राहतं घर. तारीख: वर दिल्याप्रमाणे.

उद्या: खोडलेला मजकूर दादाला तोंडावर सांगणे.