रानरेड्याला विचारलेला चहा

लुआंग्वा नदीकाठचा तळ,
ऑगस्टअखेर

तीर्थरूप मामांस,

झोंडिवेचा गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? थंडी ओसरली आहे, तेव्हा दुखणंही ओसरलं असेल असं मी धरून चालतो. मका नीट वाळला असेल. शेळ्या आणि शेजारी खुशाल असतील (हा क्रम चुकून पडला, पण खोडाखोड बरी दिसत नाही). मी खुशाल आहे. पुढचा मजकूर वाचताना हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवावं.

तुम्हाला माहीत आहे की मी इथे पाहुण्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी, चहाची टोपली घेऊन चालतो. पुढे बंदूकवाला, मग वाटाड्या, मग पाहुणे, मग मी आणि बिस्किटं. मला शेवटच्या जागेवरून दुसऱ्या जागी यायचं आहे, म्हणजे पुढून दुसऱ्या. वाटाड्याची परीक्षा त्यासाठीच होती. नापास झालो तर पुन्हा टोपली, आणि पुढची परीक्षा थेट पुढच्या कोरड्या हंगामात. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाने जेवढा अभ्यास करावा त्याहून जास्त मी केला. कुठल्या जनावराची विष्ठा कशी असते हे मला तोंडपाठ आहे (विष्ठेतला ठ मी तपासून घेतला आहे).

अडचण एकच होती. माझ्या पुढे बंदूक घेऊन चालणार होते कापेम्ब्वा, कसामाकडचे, बेम्बा जमातीचे. आपण न्गोनी. आपल्या पणजोबांनी त्यांच्या पणजोबांशी लढाया केल्या, आणि त्याची भरपाई म्हणून आपल्याला आता जन्मभर एकमेकांना शिव्या द्याव्या लागतात. रागवायला मात्र मनाई. तळावर आल्यापासून कापेम्ब्वांनी मला नावाने हाक मारलेली नाही. मी उंदीरखाऊ, ते माकडखाऊ. रोज सकाळी मी लापशीचा पहिला घास घेतला की ते ओरडणार, "उंदीरखाऊ, मागे सिंह!" सुरुवातीला मी उडी मारायचो. मग वळून बघायला लागलो. हल्ली लापशी संपवतो.

परीक्षक होत्या मिस टॉरन्स, नव्यानेच स्कॉटलंडहून आलेल्या, न्यांजा भाषेचा गंध नसलेल्या. सोबत एक पाहुणे जोडपं. सकाळ फार छान गेली. मी हत्तीची वाट दाखवली, तरसाची पांढरी विष्ठा दाखवली, ती पांढरी का असते तेही सांगितलं (हाडं खातो म्हणून). बाई मान डोलवत होत्या. मग चहाला आम्ही एका मोठ्या झाडाच्या सावलीत थांबलो, आणि मी सगळ्यांकडे तोंड करून, म्हणजे झुडपांकडे पाठ करून, वारुळाची माहिती द्यायला लागलो. तेवढ्यात कापेम्ब्वा न्यांजात हळूच म्हणाले, "उंदीरखाऊ, तुझ्यामागे रेडा आहे. हलू नकोस."

मामा, तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? मी म्हटलं, "माकडखाऊ, सासरे आले असतील तुमचे. चहा विचारा त्यांना."

बाईंनी काय बोलणं चाललंय ते विचारलं. परीक्षकाला शिव्या कशा सांगायच्या? मी सांगितलं, कापेम्ब्वा चहाची तारीफ करताहेत. एवढ्यात माझ्या मानेमागे कुणीतरी नाक शिंकरलं. आमच्यातल्या कुणाचं नाक एवढं मोठं नव्हतं.

नियम असा की वाटाड्याने जागचं हलायचं नाही आणि शांत, स्पष्ट आवाजात सांगायचं, "कुणीही पळू नका, माझ्या मागे उभे राहा." मी हे शांत, स्पष्ट आवाजात, एकही शब्द न गाळता सांगितलं. फक्त सांगताना मी झाडावर होतो. त्यामुळे "माझ्या मागे" म्हणजे नक्की कुठे, असा पाहुण्यांचा थोडा गोंधळ झाला. कापेम्ब्वा बंदूक उचलून दोन पावलं पुढे झाले आणि रेड्याला अशा काही शिव्या दिल्या की मला आमच्या आजवरच्या शिव्या गोडीगुलाबीच्या वाटल्या. रेडा वळून निघून गेला. जाताना बिस्किटांवर पाय देऊन गेला.

एवढं होऊनही बाई मला नापास करणार नव्हत्या. त्या म्हणाल्या, नवा माणूस घाबरतोच, माहिती चांगली आहे, पण निर्णय बंदूकवाल्याचा, कारण जीव त्याच्या हातात. त्यांनी कापेम्ब्वांना इंग्रजीत विचारलं, या मुलाबरोबर तुम्ही चालाल का? कापेम्ब्वा म्हणाले, "या उंदीरखाऊबरोबर? त्यापेक्षा मी त्या रेड्याबरोबर चालेन!" आपल्याकडे याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल: चालेन, आनंदाने चालेन. बाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला आणि फार दुःखी चेहऱ्याने माझा हात हातात घेतला.

मी कापेम्ब्वांच्या मागे लागलो, बाईंना सांगा की ती थट्टा होती. ते म्हणाले, "कोण म्हणतं थट्टा होती?" आणि पोट धरून हसले. आता ते हसणं खरं होतं की तीही थट्टा, हे मला कळेनासं झालं आहे. बाई शनिवारी निकाल सांगून लुसाकाला जाणार.

बाकी सर्व ठीक. हवा कोरडी आहे.

तुमचा आज्ञाधारक,
झोंडिवे

ता. क. मामींना इकडे पाठवता येईल का? त्या बेम्बा आहेत. बेम्बा खरं कधी बोलतो हे त्यांना नक्की कळेल. (तुम्ही आला नाहीत तरी चालेल. त्या खरं कधी बोलतात हे तुम्हाला अजून कळलेलं नाही, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात.)

आणखी एक ता. क. मामींना पाठवू नका. पत्र बंद करण्याआधी मी कापेम्ब्वांना सांगितलं की माझी मामी येतेय. त्यांनी हसत विचारलं, "कुणाची कोण?" मी मामींचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, कूळ सांगितलं, पावसाचं. त्याच कुळाचे निघाले ते. कुळाने मामी त्यांच्या आई लागतात, म्हणजे मी आता घरचा. त्यांनी हातातला मक्याच्या न्शिमाचा घास खाली ठेवला, हात धुतले आणि सरळ बाईंच्या तंबूत गेले. मी पास झालो. बिल्ला छातीवर आहे.

शेवटचं. आज वाटाड्या म्हणून पहिल्यांदा त्यांच्या मागून चाललो. दिवसभर त्यांनी मला आडनावाने, "श्री. जेरे" म्हटलं. सकाळी लापशी खाताना मागे सिंह नव्हता. दुपारी मी मुद्दाम त्यांच्या वडिलांच्या शेपटीची चौकशी केली, तर म्हणाले, "आभारी आहे, बरे आहेत." मामा, सिंहाशिवाय लापशीला चव नाही. मामींना पहिल्या बसने पाठवा, आईने सांगितलं तर ते मला पुन्हा उंदीरखाऊ म्हणतील.