कलम चौदा आणि हॉथॉर्न स्ट्रीटचे गवत

२ मे, सकाळी ७
डोरोथिया मे वोइट, तुला जाऊन आज सात आठवडे झाले. रोजनिशी लिहिणे मला कधीच मानवले नाही. परंतु हॉथॉर्न स्ट्रीटवरच्या तुझ्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, घराची व्यवस्था आता माझ्याकडे आली आहे, आणि व्यवस्थेला नोंदी लागतात. रुग्णालयात तू शेवटचे सलग वाक्य बोललीस ते असे: "हारलन, लोरेटाला जाऊ देऊ नकोस." नऊ वर्षे त्या घरात भाड्याने राहणाऱ्या, शाळेची बस चालवणाऱ्या श्रीमती लोरेटा ब्रुबेकर यांना टिकवणे हे मी माझे पहिले कर्तव्य मानतो. चांगला भाडेकरू नियमांच्या स्पष्टतेमुळे टिकतो. करारनामा काढून तीनदा वाचला.

९ मे
नगरपालिकेची नोटीस. हॉथॉर्न स्ट्रीटवरचे गवत दहा इंचांहून उंच वाढले आहे, सात दिवसांत कापावे. नोटीस माझ्या नावाने. वास्तविक कलम चौदानुसार गवत कापणे ही भाडेकरूची जबाबदारी. नऊ वर्षांत अशी नोटीस एकदाही आली नव्हती. म्हणजे बाईंनी नऊ वर्षे कलम पाळले आणि तू जाताच सोडून दिले. मन कडू झाले. त्यांना सौम्य पत्र लिहिले. दोन पाने.

१३ मे
श्रीमती ब्रुबेकरांचा फोन. पत्र मिळाले, गवत कापते, म्हणाल्या. त्यांना वाटले होते की गुरुवारी… येथे त्या थांबल्या आणि मग, जाऊ द्या, म्हणाल्या. करारात गुरुवारचा कोठेही उल्लेख नाही, हे मी निदर्शनास आणून दिले. संभाषण समाधानकारक.

१६ मे, गुरुवार
बायकांनी जमून रजया शिवायच्या तुझ्या रजई-मंडळाचा दिवस. दुपारी घर फार शांत असते. नऊ वर्षांत तुझी एकही रजई पुरी झालेली मी पाहिली नाही, परंतु कलेला वेळ लागतोच.

२१ मे
चोवीस तासांची लेखी पूर्वसूचना देऊन पाहणी केली. गवत कापलेले, पण वाकडेतिकडे. शिवाय सर्वत्र पांढऱ्या फुलांचे क्लोव्हर माजलेले. निव्वळ तण. शेजारच्या कुंपणावरून वेंडेल श्मिट बघत होता. माझाच विद्यार्थी, रसायनशास्त्रात दोनदा नापास. काय सर, गवताचे पेपर तपासताय का, असे त्याने विचारले.
निश्चय: क्लोव्हरचे समूळ उच्चाटन. असे सुंदर अंगण सोडून कोण जाईल?

२५ मे
तणनाशक मिसळलेले खत पसरले. प्रमाण पिशवीवरच्या ढोबळ अंदाजाने न घेता जमिनीच्या सरकारी नोंदीतील क्षेत्रफळावरून काढले, तीन दशांश स्थळांपर्यंत. चौतीस वर्षे मुलांना हेच शिकवले.

६ जून
क्लोव्हर नष्ट झाले. यश.
गवतही नष्ट झाले. वेंडेलने माझे गणित मागून घेतले, बोट ठेवून वाचले आणि म्हणाला, "सर, ह्या क्षेत्रफळात घर आलंय, गॅरेज आलंय, डांबरी रस्ताही आलाय. त्यांच्या वाटणीचं खतपण तुम्ही गवतालाच घातलंत." गणित अचूक होते, हे येथे नमूद करतो. फक्त सरकारी नोंद संदिग्ध आहे.

१० जून
नवे बी पेरले. श्रीमती ब्रुबेकरांना पत्र क्रमांक चार: दिवसातून दोनदा पाणी घालावे, पहाटे व सायंकाळी. त्या पहाटे पाचला बस काढतात हे मला ठाऊक आहे. म्हणून चार वाजता सुचवले.

२२ जून
उत्तर नाही. मौन ही संमती. पत्र क्रमांक पाच: पाणी घातल्याची तक्त्यात नोंद ठेवावी. नमुना सोबत जोडला.

१ जुलै
श्रीमती ब्रुबेकर यांची एक महिन्याची सूचना. घर सोडत आहेत. पत्र दोन ओळींचे. ही अर्थात वाटाघाटीची सुरुवात आहे. मी घाबरलेलो नाही. रात्रीचे जेवण केले नाही.

२ जुलै
स्वतः गेलो. पूर्वसूचना द्यायची राहिली. त्यांनी मला पुढच्या पायरीवर बसवले, आत बोलावले नाही. मी पाण्याच्या वेळा शिथिल करण्याची तयारी दाखवली. त्यांनी त्या करड्या अंगणाकडे बोट केले. मग बोलल्या ते शब्दशः:
"मिस्टर वोइट, डोरोथिया दर गुरुवारी यायची. ती गवत कापायचं यंत्र चालवायची, मी कडा कापायची. मग इथंच बसून लिंबाचं सरबत. ते क्लोव्हर तिनंच पेरलं होतं, पाणी कमी लागतं म्हणून. ती गेली आणि मला ते यंत्र हातात धरवेना."
मला हे कोणी का सांगितले नाही, असे मी विचारले.
"ती म्हणायची, हारलनला कळलं तर तो कलम चौदा काढेल."
घरी येऊन शिवणकामाचे कपाट उघडले. रजईचा एक चौकोन. निळा.

५ जुलै
पत्र क्रमांक सहा: कलम चौदा रद्द. गुरुवारी मी स्वतः येईन, यंत्र चालवीन, सरबत आणीन. अर्ध्या पानात बसले. या पत्राने त्या नक्की थांबतील.

९ जुलै
उत्तर आले. आभार मानले आहेत. बहिणीच्या गावी फ्लॅट ठरला, तिसऱ्या मजल्यावर. गवत नाही. तरीही निर्णय अंतिम आहे असे मला वाटत नाही. यंत्राच्या पात्यांना धार लावून घेतली.

१ ऑगस्ट, गुरुवार, दुपारी २
यंत्र आणि थर्मासभर सरबत घेऊन गेलो. वेंडेल कुंपणापाशी होता. टोपी काढून म्हणाला, सामानाची गाडी सकाळीच गेली, सर. थट्टा केली नाही.
खोल्या स्वच्छ, रिकाम्या. अंगणात कापण्याजोगे काही नव्हते. कडेला कडेला हिरवे कोंब, इंचभर. तरी बाईंनी चारही कडा सरळ कापून ठेवलेल्या. सरबत पायरीवर बसून प्यायलो. तुझ्यासारखे जमले नाही.
दार कुलूपबंद आहे. चाव्या परत मिळाल्या.